संगणक मधेच गोठतो, कधी आपोआप रीस्टार्ट होतो. फॉरमॅट करूनही तेच!

कोरीपाटी · सोमवार, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. तीन आठवडे सहन केलं, आता हात टेकले म्हणून धागा काढतेय.

डेस्कटॉप आहे, सहा वर्षांचा. रॅम १६ जीबी (८ च्या दोन पट्ट्या), विंडोज ११ साटा एसएसडीवर, शिवाय साठवणीला १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. काम म्हणजे व्हिडिओ एडिटिंग, बाकी ब्राउझर आणि मेल.

त्रास असा की काम करता करता मशीन एकदम गोठतं. अर्धा-एक मिनिट ढिम्म. मग आपलं आपण सुरू होतं. दिवसातून चार-पाच वेळा तरी. आणि आठवड्यातून दोन-तीनदा सरळ काळा पडदा आणि रीस्टार्ट. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा नाही, एरर नाही, काही नाही.

व्हायरस स्कॅन झाला, ड्रायव्हर अपडेट झाले, टेम्प फाइली साफ केल्या. शेवटी परवा शनिवारी विंडोज कोरं टाकलं आणि अख्खा रविवार सॉफ्टवेअर बसवण्यात घालवला. आज सकाळी पहिलाच मेल उघडताना मशीन गोठलं. रडायचंच बाकी होतं.

मध्यंतरी मशीनमध्ये काहीही बदललेलं नाही. कुणाला काही सुचतंय का?

ठोकताळा · सोमवार, रात्री १०:३१

रॅम. डोळे झाकून सांगतो, रॅम. पट्ट्या काढा, सोनेरी टोकं खोडरबराने पुसा, परत बसवा. माझ्याकडे तीनदा असंच झालं, तिन्ही वेळा रॅमच निघाली.

घाईत_आहे · सोमवार, रात्री १०:३८

अँटीव्हायरस वेगळा टाकलाय का? असेल तर उडवा. विंडोजचा स्वतःचा पुरतो.

सावळीसांज · सोमवार, रात्री ११:०५

कोरीपाटी, रविवार अगदीच फुकट गेला नाही हो. कोऱ्या विंडोजवर दुसऱ्याच दिवशी तेच दुखणं दिसलं, म्हणजे संशयाची सुई आता हार्डवेअरकडे बरीच वळली. ड्रायव्हर आणि फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) अजून सुटलेले नाहीत, पण 'विंडोज कुजलं असेल' हे तरी यादीतून गेलं.

'गोठतं' म्हणजे नक्की काय होतं ते सांगाल का? माउसचा बाण हलतो का? त्या वेळी गाणं चालू असेल तर ते चालू राहतं, थांबतं, की एकच सूर घर्रर्र करत अडकतो? आणि कॅप्स लॉक दाबून बघा, दिवा लागतो का. तो दिवा कीबोर्ड मनाने लावत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम त्याला लाव म्हणून सांगते. दिवा लागत-विझत असेल तर आतला गाभा जिवंत आहे, कशाची तरी वाट बघत बसलाय. दिवा मेलेला असेल तर गोष्टच वेगळी.

घाईत_आहे, अँटीव्हायरसचा मुद्दा तसा अगदीच चुकीचा नाही. ही सॉफ्टवेअरं गाभ्याच्या पातळीवर ड्रायव्हर बसवतात, म्हणून ती कोसळली की अख्खं मशीन घेऊन कोसळतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जवळपास ८५ लाख विंडोज मशीनं आडवी केली, ती याच वाटेने. पण तिथे निळा पडदा येतो. इथे तो नाहीच.

मंदगती · सोमवार, रात्री ११:२०

याच धाग्यात विचारतो, रागवू नका. माझा लॅपटॉप गोठत नाही पण भयानक हळू चालतो. ब्राउझर उघडायला मिनिट लागतं. रोज रात्री व्यवस्थित शटडाउन करतो. रॅम वाढवू का?

जुनाखिळा · मंगळवार, सकाळी ६:५०

कोरीपाटी, सगळ्यांना सगळं करून बघायची घाई असते, तुम्हालाही होती. स्कॅन, ड्रायव्हर, सफाई, फॉरमॅट एकामागून एक झालं आणि मशीन काय म्हणतंय ते कुणी वाचलंच नाही. आता आठवडाभर काहीही 'दुरुस्त' करू नका. नुसतं वाचा.

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलंत की एक इतिहासाचा तक्ता उघडतो. तारखांखाली लाल फुल्या दिसतील. तो आधी बघा, कारण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सरळ शिरणारा माणूस तासाभरात घाबरून बाहेर येतो. निरोगी मशीनवरही तिथे शेकडो लाल-पिवळ्या नोंदी असतात, त्यातल्या बहुतेक निरुपयोगी.

मग इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. मशीन गोठेल तेव्हा घड्याळ बघून कागदावर वेळ लिहा आणि नंतर फक्त त्या दोन-तीन मिनिटांतल्या नोंदी काढा. क्रमांक ७, १२९, १५३ दिसले तर डिस्ककडचं प्रकरण. ४१०१ म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकला होता आणि परत उठवला. व्हीआ-लॉगर असं नाव दिसलं तर प्रोसेसर, रॅम किंवा बोर्ड स्वतःच तक्रार करतोय. रीस्टार्टच्या वेळेला कर्नल-पॉवर ४१ नक्की दिसेल, पण त्याला कारण समजू नका. ती नोंद मशीन परत उठल्यावर लिहिली जाते, 'मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो' एवढंच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्याचा एरर क्रमांक, शून्य आहे का ते मात्र बघा. आणि विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर आहे का, त्यात काही आहे का, तेही. कोसळताना विंडोज आपली नोंद (डंप) तिथे ठेवतं.

दोन्ही डिस्कचा स्मार्ट अहवालही टाका, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद. क्रिस्टलडिस्कइन्फो चालेल. चालू तासांचा आकडा विसरू नका. क्रूशियलच्या एम४ या एसएसडीत एक गमतीशीर खोट होती: ५,१८४ तास भरले की पुढे दर तासाला ती प्रतिसाद देणं बंद करायची आणि निळा पडदा यायचा. २०१२ च्या सुरुवातीला नवं फर्मवेअर आल्यावर ते थांबलं. तोवर लोकांनी काय काय बदललं असेल!

सावळीसांज · मंगळवार, सकाळी ९:१२

मंदगती, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथे खाली 'अप टाइम' आणि 'स्पीड' असे दोन आकडे आहेत. दोन्ही इथे लिहा. रॅमचं नंतर बघू.

कोरीपाटी · मंगळवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार. जुनाखिळा काका म्हणाले तसं कागद घेऊन बसले. आज चारदा गोठलं.

माउसचा बाण हलतो. कॅप्स लॉकचा दिवा लागतो. गाणं चालूच राहतं. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान खालीवर सरकतं, पण नवीन काही उघडत नाही. मग अर्ध्या मिनिटाने मी वैतागून केलेल्या सगळ्या क्लिकची फळं एकदम मिळतात, सात खिडक्या धडाधड उघडतात. एकदा टास्क मॅनेजर आधीच उघडा होता. त्यात डिस्क १००% आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र ० केबी. हे कसं काय?

इव्हेंटमध्ये चारही वेळा १२९, मजकूर 'रिसेट टू डिव्हाइस...' असा काहीतरी, स्रोत स्टोरएएचसीआय. दोनदा १५३ पण.

एसएसडी: चालू तास ११,३०० च्या आसपास, हेल्थ गुड ९१%. सगळं निळं म्हणजे छान ना? सी७ ओळीसमोर १ए४ असं काहीतरी आहे.
हार्ड डिस्क: पिवळी, 'कॉशन'. सी५ समोर ८. ती कधीपासूनच पिवळी आहे, चालतेय म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मिनीडंप फोल्डरच नाही. ४१ मध्ये बगचेक कोड ०.

ठोकताळा · मंगळवार, रात्री ९:५२

हार्ड डिस्क पिवळी म्हणजे झालंच की! विंडोजचं डिस्क तपासायचं साधन आहे ना, चेकडिस्क, ते लावा, स्लॅश आर देऊन. रात्रभर चालेल, सकाळी ठणठणीत.

जुनाखिळा · मंगळवार, रात्री १०:०५

थांबा! कोरीपाटी, चेकडिस्क लावू नका.

सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर वाचता येईनात ते, निकालाची वाट बघणारे. असे आठ आहेत. स्लॅश आर संपूर्ण डिस्क इंच-इंच खरवडून वाचतो. मरू घातलेल्या डिस्कला रात्रभर पळवायचं आणि सकाळी ती उघडलीच नाही तर? आधी त्यातला महत्त्वाचा डेटा दुसरीकडे उतरवा. चेकडिस्क वगैरे त्यानंतर. ठोकताळा, हलकेच घ्या, पण या सल्ल्यापायी गेलेले लग्नाचे अल्बम मी पाहिलेत.

आता तुमचं गोठणं. डिस्क १००% आणि वेग शून्य याचा अर्थ: विंडोजने एसएसडीकडे काहीतरी मागितलंय आणि उत्तर येत नाही. काम चालू नाही, रांग लागलीय. रॅममध्ये जे आधीच आहे ते चालू राहतं, म्हणून पान सरकतं आणि गाणं वाजतं. डिस्कवरून जे आणायचंय ते सगळं खोळंबतं. शेवटी विंडोज कंटाळून त्या उपकरणाला रिसेट मारतं. तीच १२९ ची नोंद. रिसेट झाला की रांग सुटते आणि तुमच्या सात खिडक्या उघडतात.

आणि सगळं निळं असलं तरी सी७ बघा. तिथले आकडे षोडशमान पद्धतीत आहेत. १ए४ म्हणजे ४२०. हा मोजतो तारेत बिघडलेला डेटा: मधल्या रस्त्यात खराब झाला म्हणून परत पाठवावा लागला असा. एसएसडीची प्रकृती उत्तम आहे, रस्ता खराब आहे. साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डला जोडणारी तार.

दोन दिवस आकडा नुसता टिपा. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे ४२० चं भय नाही. वाढतोय का, एवढंच बघायचं.

मंदगती · मंगळवार, रात्री १०:४८

अप टाइम ४१ दिवस दाखवतोय!! मी रोज बंद करतो, देवाशपथ. स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ, हलतच नाही.

सावळीसांज · बुधवार, सकाळी ८:३०

शपथ कशाला, विश्वास आहे. :) विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून सोय आहे. शटडाउन केलं की तुमचं सत्र बंद होतं, पण गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तशीच परत उचलली जाते. म्हणून घड्याळ पुढे चालत राहतं आणि ड्रायव्हरमध्ये साचलेली घाणही. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर पहिल्यापासून सुरू होतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

अवांतर: विंडोज ९५ आणि ९८ मध्ये एक मोजणी ३२ बिटांत मिलिसेकंद धरायची आणि ४९.७ दिवसांनी तिचा काटा फिरून शून्यावर यायचा. तेव्हा मशीन अडकायचं. विनोद असा की ही चूक बरीच उशिरा लक्षात आली, कारण ती विंडोज तितके दिवस सलग चालवणारे लोकच कमी!

पण तुमचं खरं दुखणं अप टाइम नव्हे, ०.३९ आहे. प्रोसेसर पहिल्या गियरमध्ये अडकलाय. चार्जर काढून बघा, स्पीड वाढतो का?

मंदगती · बुधवार, दुपारी १:१५

हे काय जादूटोणा आहे? चार्जर काढल्याक्षणी २.८ वर गेला. सगळं भराभर. चार्जर लावला की परत ०.३९.

सावळीसांज · बुधवार, दुपारी १:४०

चार्जर मूळ नाही ना? बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जर आपली ओळख एका बारीक तिसऱ्या जोडणीतून सांगतो. ओळख पटली नाही, किंवा ती मधली पिन वाकली-तुटली असेल, की बोर्ड प्रोसेसरला 'जपून' असा इशारा देतो आणि तो तळाच्या वेगावर जाऊन बसतो. हा इशारा खरं तर तापमान वाढल्यावर द्यायचा असतो, म्हणून लोक पंखे साफ करत बसतात. त्याच वॅटचा मूळ चार्जर मिळवून लावा. रॅम घेऊ नका, निदान यासाठी तरी.

मंदगती · बुधवार, दुपारी १:४४

मूळ चार्जर कपाटात आहे. प्रवासासाठी म्हणून दुसरा घेतला होता, तोच कायमचा झाला. बाकी बोलायला तोंड नाही. _/\_

कोरीपाटी · गुरुवार, रात्री ८:२०

सी७ काल सकाळी १ए४, आज १बी१. म्हणजे ४३३, बरोबर? दोन दिवसांत १३ वाढले.

कॅबिनेट उघडलं आणि आता कबुली द्यायचीय. 'काहीही बदललेलं नाही' असं मी पहिल्या पोस्टीत लिहिलं होतं. सहा महिन्यांपूर्वी भावाने त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड मला बसवून दिलं होतं. तेव्हा त्रास नव्हता म्हणून ते डोक्यातच आलं नाही. कार्ड लांबलचक आहे आणि त्याची कड थेट साटा केबलच्या टोकावर टेकलीय. केबल काटकोनात मुडपलेली आहे. फोटो काढला असता पण हात थरथरत होते. :D

नवी केबल लावली, काटकोनी टोकाची, आणि दुसऱ्या पोर्टला जोडली.

जुनाखिळा · गुरुवार, रात्री ८:४५

शाब्बास. केबल आणि पोर्ट दोन्ही एकदम बदललंत त्याबद्दल खरं तर ओरडायला हवं, दोषी कोण ते आता कळणार नाही. पण मुडपलेली केबल डोळ्यांनी दिसलीय, तेव्हा माफ.

कार्डचं आधी सांगितलं असतंत तर दुसरा प्रश्न मी मंगळवारीच विचारला असता. रीस्टार्ट नेमका कधी होतो? बसल्या बसल्या, की जोर पडल्यावर?

कोरीपाटी · शनिवार, रात्री ११:०२

दोन दिवस झाले, एकदाही गोठलं नाही. सी७ १बी१ वरच. १२९ नाही.

पण आज संध्याकाळी रीस्टार्ट झालाच. आता कागद ठेवतेच, त्यामुळे उत्तर आहे: मागच्या आठवड्यात दोनदा आणि आज, तिन्ही वेळा व्हिडिओ एक्सपोर्ट चालू होता. तापमान बघत होते, प्रोसेसर ७२, कार्ड ६८. पीएसयू (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, ४५० वॅट. ठोकताळा, रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावलं होतं, चार फेऱ्या, शून्य चुका. रॅमला आता सोडू या.

ठोकताळा · शनिवार, रात्री ११:१०

सोडली. :(

जुनाखिळा · रविवार, सकाळी ७:१५

७२ आणि ६८ म्हणजे तापमानाचं प्रकरण नाही. डंप नाही, बगचेक शून्य, जोर पडला की एका झटक्यात अंधार. विंडोजला चार ओळी लिहायचीही सवड मिळत नाहीये. अशी अचानक वीज फक्त पीएसयू किंवा बोर्ड तोडतो. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या छापील वॅटपेक्षा बरंच जास्त खेचतं, काही मिलिसेकंदांपुरतं. सहा वर्षं चाललेल्या पीएसयूला ते पेलत नाही आणि तो स्वतःला वाचवायला बंद पडतो.

पण नवा पीएसयू घ्यायच्या आधी फुकटची चाचणी करा. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट (वीज खेचायची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा आणि तोच प्रोजेक्ट तीनदा एक्सपोर्ट करा. मग परत १०० वर नेऊन तीनदा. शिवाय कार्डला वीज एकाच केबलच्या दोन फाट्यांवरून दिलीय का ते बघा. असेल तर, पीएसयूला दुसरी स्वतंत्र केबल असल्यास ती वापरा. फक्त दुसऱ्या पीएसयूची केबल उसनी आणू नका. टोक सारखं दिसलं तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्का जळतात.

कोरीपाटी · रविवार, संध्याकाळी ६:३०

७० वर तीनही एक्सपोर्ट पूर्ण. १०० वर पहिल्याच एक्सपोर्टला चौथ्या मिनिटात अंधार. केबल एकच आहे, दोन फाट्यांची, दुसरी नाहीच.

मैत्रिणीकडचा ६५० वॅटचा पीएसयू आठवडाभर उसना मिळतोय. त्याच्याच केबलींसकट, काळजी नसावी.

घाईत_आहे · रविवार, संध्याकाळी ६:४१

म्हणजे दोन आजार, दोन्ही एकाच कार्डामुळे. भावाला धागा पाठवा.

कोरीपाटी · बुधवार, रात्री १०:२०

पाठवला. म्हणतोय, 'कार्ड परत दे मग.'

उसन्या पीएसयूवर १०० टक्क्यांनी सतरा एक्सपोर्ट झाले, एकही रीस्टार्ट नाही. तसाच नवा घेतेय. तोवर पॉवर लिमिट ७० ठेवून जुन्यावर भागेल, एक्सपोर्टला जेमतेम दहा टक्के वेळ जास्त लागतो.

आणि हो, पिवळ्या डिस्कमधला डेटा नव्या डिस्कवर उतरवायला घेतलाय. ६४० जीबी आहे. विंडोज म्हणतंय २ तास ४० मिनिटं.

कोरीपाटी · बुधवार, रात्री १०:२६

आता ११ तास म्हणतंय.

जुनाखिळा · बुधवार, रात्री १०:३०

खराब सेक्टरपाशी अडखळत असेल. फोटोंचं फोल्डर आधी घ्या, बाकी रात्रभर चालू द्या. आणि मध्ये डिस्कला हात लावू नका, खटखट आवाज आला तरच लगेच बंद करा.